वाचकांचे प्रश्न : विश्वास ढळू नये म्हणून

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि गावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत, आणि जेथे मजकुरावरून ओळख पटू शकली असती तेथे तपशील थोडे बदलले आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण ती पत्रे वाचल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

प्रश्न : सप्रेम सलाम. माझ्या पतींची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून अडीच वर्षांपासून आठवड्यातून दोनदा त्यांचे डायलिसिस चालू आहे. घरातील सोने गेले, थोरल्या मुलीचे शिक्षण थांबले. आमच्या ख्रिस्ती मंडळीतील काही जण म्हणतात की घरात कोणते तरी लपलेले पाप असेल, नाहीतर आमचा विश्वास कमी पडत असेल. मागच्या महिन्यात एका सभेला आलेल्या प्रचारकांनी पतींच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितले, की आता सुया टोचून घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे आहे. पती म्हणतात, एकदा डायलिसिस सोडून बघू. मला भीती वाटते, आणि त्या भीतीची लाजही वाटते. हल्ली प्रार्थनेला बसले की शब्द येत नाहीत, राग येतो. माझा विश्वास संपला आहे का?

उत्तर : भगिनी, पुढचे काहीही वाचण्याआधी एक गोष्ट आपल्या पतींना वाचून दाखवा : डायलिसिस थांबवू नका. दोन्ही मूत्रपिंडे काम करीत नसतील, तर शरीरातील पाणी आणि पोटॅशियम साचत जाते, आणि माणूस काही दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत जीवाला मुकतो. हे सांगताना मी देवाच्या सामर्थ्याला मर्यादा घालीत नाही. देवाला बरे करायचे असेल, तर सुई टोचलेल्या माणसालाही तो बरे करू शकतो, आणि तसे झाले तर ते डॉक्टरांच्या तपासणीत दिसेलच.

त्या प्रचारकांच्या हेतूबद्दल मी काही म्हणत नाही, परंतु त्यांनी आपल्या पतींना जे करायला सांगितले, ते पवित्र शास्त्रात याआधी एकदा कोणीतरी कोणालातरी सांगितलेले आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर उभे करतो आणि म्हणतो, की तू देवाचा पुत्र असशील तर खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. त्यासाठी तो चक्क स्तोत्रसंहितेतील वचनाचा आधार देतो. प्रभू त्यावर एवढेच म्हणतो, की परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको. मोह नेहमी दारूच्या बाटलीच्या किंवा पैशांच्या पाकिटाच्या रूपाने येत नाही. कधी तो वचन तोंडी घेऊन, विश्वासाचीच भाषा बोलत येतो. उडी टाकून दाखवण्यास नकार देणारा प्रभू पित्यावर अविश्वास ठेवीत नव्हता, हे आपल्या पतींना शांतपणे समजावून सांगा. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला, त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेत येथे मागे ठेवावे लागले, आणि स्वतःच्या शरीरातील काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली तरी तो निघाला नाही. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन रोगी बरे झाले, त्या प्रेषिताची ही गोष्ट आहे. त्याच्या सोबत्यांपैकी लूक हा वैद्य होता, आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो.

आता लपलेल्या पापाविषयी. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र त्याला भेटायला आले, तेव्हा पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच होती. आठव्या दिवसापासून ते बोलू लागले, आणि आज आपल्याला मंडळीत जे ऐकायला मिळते तेच बोलले : निरपराध माणसावर अशी वेळ येतच नाही, तेव्हा काय केलेस ते कबूल कर. त्या ग्रंथाच्या शेवटी देव कोणावर रागावतो, हे फार थोडे लोक लक्षात ठेवतात. ईयोबाने देवाला जाब विचारला होता, आपल्या जन्मदिवसाला शाप दिला होता. मित्रांनी मात्र देवाची बाजू घेतली होती. तरीही देव त्या मित्रांना म्हणतो, की माझा सेवक ईयोब याच्यासारखे तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, आणि त्यांनाच ईयोबाकडून प्रार्थना करून घ्यायला पाठवतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न केला होता, पाप कोणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. पुढच्या वेळी मंडळीत कोणी असे म्हणाले, तर आपण त्यांच्याशी वाद घालू नये. ईयोबाचा बेचाळिसावा अध्याय सातव्या वचनापासून वाचून दाखवा म्हणावे.

राहिला रागाचा आणि न फुटणाऱ्या शब्दांचा प्रश्न. स्तोत्रसंहितेत असे एक स्तोत्र आहे, अठ्ठ्याऐंशीवे, ज्याचा शेवट उजेडात होत नाही. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, परंतु हेमानाचे हे स्तोत्र अंधार हाच आता माझा सोबती, अशा अर्थाच्या शब्दांवर संपते. ज्यांनी पवित्र शास्त्र एकत्र केले, त्यांनी ते वगळले नाही, त्याला गोड शेवट जोडला नाही. मी याचा अर्थ असा घेतो, की असेही दिवस असतात आणि असे शब्दही देवाच्या घरात म्हणता येतात. त्या स्तोत्रात आशेचा शब्द जवळजवळ नाही, परंतु प्रत्येक तक्रार ‘हे परमेश्वरा’ म्हणून त्याच्याच तोंडावर केलेली आहे. आपण रागावता, पण कोणावर? ज्याला आपण मानीत नाही, त्याच्यावर कोणी रात्रीच्या रात्री रागावून बसत नाही. भगिनी, आपला विश्वास संपलेला नाही. तो दमलेला आहे.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझी पत्नी अकरा महिने अंथरुणाला खिळून होती, आणि त्या काळात मी दर रविवारी व्यासपीठावर उभा राहून प्रार्थना चालवीत असे, पण घरी तिच्या उशाशी बसल्यावर माझ्या तोंडून एक वाक्य निघत नसे. शेजारच्या एक वृद्ध बाई रोज संध्याकाळी येत, चष्मा लावून एक स्तोत्र वाचीत आणि न बोलता निघून जात. त्या महिन्यांत आमच्या घरातील प्रार्थना त्या बाईंनी केली, मी फक्त ऐकत होतो. आपल्यासाठी असे कोणी वाचणारे मिळते का, ते पाहा. स्वतःला जमत नसेल तेव्हा दुसऱ्याच्या तोंडच्या प्रार्थनेवर टेकून राहणे, यात काहीच कमीपणा नाही.

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकलेले असते, पण तेव्हा ते इतके गुळगुळीत करून सांगितले जाते, की त्यातले दुःख हाताला लागत नाही. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु त्यानंतरही त्यांना शांती मिळाली असे नाही. तेथील मठातील भगिनींशी त्या सिद्धांतांवरून पत्रांतून कडाडून वाद घालीत राहिल्या, आणि पुढे आपल्या साक्षीत त्यांनी प्रांजळपणे लिहिले, की त्या काळात आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटायला आणखी कितीतरी वर्षे जावी लागली. उतारवयात, १९२१ मध्ये, मनोरमाही गेली. ज्या मुलीवर केडगावच्या मुक्ती मिशनचा पुढचा सारा भार टाकायचा होता, तीच गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत, १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या; पण मधल्या महिन्यांत त्या हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या आपल्या सोप्या मराठी बायबलचे काम करीत राहिल्या. हा विश्वास जन्मभर वाद घालीत, शंका काढीत, पुरलेल्या माणसांच्या आठवणी बरोबर घेऊन चालला, आणि तरी थांबला नाही. आपण आपली तुलना करायचीच असेल, तर या खऱ्या रमाबाईंशी करा.

दोन व्यावहारिक गोष्टी. एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही; निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला आठवड्यातून एक दुपार तरी झोप मिळाली पाहिजे. ही जबाबदारी महिला मंडळाने घ्यावी, पाळी लावून दोघींनी आपल्या पतींजवळ बसावे, असे आपल्या पाळकांना माझे नाव घेऊन सांगा. दुसरे असे, की महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, आणि धर्मादाय रुग्णालयांना एकूण खाटांपैकी दहा टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा, शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. एवढे केल्याने थोरल्या मुलीचे शिक्षण पुन्हा सुरू होण्याची वाट निघू शकेल.

प्रश्न : प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘आम्हाला परीक्षेत आणू नको’ असे म्हणतो. म्हणजे देव आपल्याला मोहात पाडतो का? आमच्या बायबल वर्गात यावर बराच वाद झाला.

उत्तर : वाद होण्याचे कारण मूळ ग्रीक शब्दात आहे. ‘पेइरास्मोस’ या एकाच शब्दाला कसोटी, संकट आणि मोह हे तिन्ही अर्थ आहेत. मराठीत आपल्याला त्यांतला एक निवडावा लागतो, आणि एक निवडला की बाकीचे दोन हातातून निसटतात. याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात हा शब्द आणि त्याच धातूपासून झालेले क्रियापद दोन्ही बाजूंनी वापरलेले दिसते : आरंभी तो म्हणतो की नाना प्रकारच्या परीक्षांना तोंड द्यावे लागते तेव्हा आनंद माना, कारण त्यांतून धीर उत्पन्न होतो, पण तेराव्या वचनात तो स्पष्ट करतो, की मोहात पडलेल्या कोणीही देवाने मला मोहात घातले असे म्हणू नये. याच अडचणीमुळे इटलीतील कॅथलिक मंडळीने २०२० च्या अखेरीस आपल्या उपासनेतील या ओळीचे शब्द बदलले, आणि आता तेथे ‘आम्हाला मोहात सोडून देऊ नकोस’ अशा अर्थाची प्रार्थना म्हणतात.

माझे स्वतःचे मत असे आहे, की जुने मराठी शब्द बदलण्याची गरज नाही, पण ते म्हणताना ते दुबळ्या माणसाचे शब्द आहेत हे ध्यानात असावे. ‘मी कोणत्याही कसोटीला उतरेन’ असे म्हणणाऱ्याची ही प्रार्थना नव्हे. ज्याला स्वतःच्या पायांचा भरवसा नाही, तो म्हणतो, बापा, त्या वाटेने मला नेऊ नकोस, आणि नेलेसच तर हात सोडू नकोस.

प्रश्न : काका, मी सत्तावीस वर्षांचा आहे, एका खासगी कंपनीत नोकरी करतो, मंडळीच्या तरुण संघाचा खजिनदार आहे. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायला लागलो. २०२५ मध्ये अशा खेळांवर बंदीचा कायदा आला तेव्हा वाटले, सुटलो. पण मित्राने दुसरी वाट दाखवली. पतसंस्थेचे कर्ज आहे, आईच्या पाटल्या गहाण आहेत, आणि तिला ते माहीत नाही. दर प्रभुभोजनाच्या वेळी मी शपथ घेतो आणि आठ दिवसांत ती मोडतो. आता शिबिरासाठी जमलेल्या पैशांतून मी वीस हजार रुपये घेतले आहेत. पगार झाला की परत ठेवणार होतो, दोन पगार झाले. मी ढोंगी आहे. प्रभुभोजन घेणे बंद करावे का? मंडळीच सोडावी असे वाटते.

उत्तर : तू मला काका म्हटले आहेस, म्हणून एकेरीत लिहितो. ढोंग्याला असे पत्र लिहिता येत नाही, कारण ढोंग करणाऱ्याला आकडा लपवायचा असतो, आणि तू तो अक्षरी लिहिला आहेस.

वल्हांडणाच्या रात्री दोन शिष्य पडले, हे आठवून पाहा. एक यहूदा, तुझ्यासारखाच खजिनदार. योहान सांगतो की पैशांची थैली त्याच्याकडे असे आणि तो तिच्यातून काढून घेत असे. दुसरा शिमोन पेत्र, ज्याने आपण प्रभूला ओळखत नाही असे तीनदा सांगितले. दोघांनाही नंतर पश्चात्ताप झाला, यहूदाने तर प्रभूला धरून देण्यासाठी घेतलेली तीस नाणी परत नेऊन मंदिरात फेकली. फरक इतकाच पडला, की यहूदा आपले दुःख घेऊन एकटाच निघून गेला आणि पेत्र रडत रडत का होईना, पण बाकीच्यांमध्येच राहिला. रविवारी सकाळी कबरेकडे धावत जायला तो तेथे होता, कारण शुक्रवारी आणि शनिवारी तो निघून गेला नव्हता. मंडळी सोडण्याचा जो विचार तुझ्या मनात येतो, तो प्रामाणिकपणासारखा वाटतो खरा, पण तो या साऱ्या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा मोह आहे.

त्या रात्री प्रभू पेत्राला काय म्हणाला, ते लूकाच्या बाविसाव्या अध्यायात एकतिसाव्या आणि बत्तिसाव्या वचनांत आहे, आणि आपल्या मराठीत ते फार नेमके उतरले आहे. तुम्हाला गव्हासारखे चाळावे म्हणून सैतानाने मागणी केली, असे तो आधी म्हणतो. येथे ‘तुम्हाला’ हे सगळ्या शिष्यांना उद्देशून आहे. पण लगेच पुढे ‘तुझा’ आणि ‘तुझ्यासाठी’ असे शब्द येतात : तुझा विश्वास ढळू नये म्हणून तुझ्यासाठी मी विनंती केली आहे. चाळण सर्वांवर फिरणार होती, विनंती मात्र एकेकाचे नाव घेऊन केलेली होती. आणि ‘तू पडणार नाहीस’ असे प्रभू म्हणालाच नाही. ‘तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर’, असे तो म्हणाला. पेत्र पडणार, हे ठाऊक असतानाच त्याच्या परत वळण्यानंतरचे काम त्याला आधीच नेमून दिलेले होते. ज्याने खळ्यावर बसून चाळण चालवलेली आहे त्याला ठाऊक असते, की चाळताना दाणा कसा उडतो, आदळतो, घरंगळतो. पण चाळणीतून जे खाली जाते ते माती आणि बारीक खडे असतात, दाणा वर राहतो.

तेव्हा शपथा पुरे झाल्या. पेत्राचीही शपथ मोठी होती, आणि कोंबडा आरवेपर्यंतच टिकली. याकोब मोहाचा जो क्रम सांगतो, त्यात वासना आधी गर्भवती होते, मग पापाला जन्म देते, आणि पाप वाढले की मरणाला. म्हणजे थांबवायचे ते आरंभी. शेवटच्या टप्प्यावर शपथ घेऊन थांबवता येत नाही. पोटीफराच्या बायकोने धरले तेव्हा योसेफ तिच्याशी चर्चा करीत बसला नाही. अंगावरचे वस्त्र तिच्या हातात सोडून तो पळाला, आणि पळण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. पौल करिंथकरांना लिहितो, की देव परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही करील. आपण त्या उपायाची वाट आकाशाकडे पाहत बसतो. तुझ्या बाबतीत तो उपाय अगदी साधा, जमिनीवरचा आहे. ॲप काढ आणि तो दुसरी वाट दाखवणारा मित्र सोड. पगाराच्या खात्याचे व्यवहार वर्षभर घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी हाती दे, रात्री दहानंतर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. ‘जागृत राहा व प्रार्थना करा’ असे प्रभू गेथशेमानेत म्हणाला. प्रार्थनेआधी जागृत राहण्याचे सांगितले आहे, ते उगाच नाही.

आता वीस हजारांविषयी. ते पगारातून गुपचूप परत ठेवून प्रकरण मिटवू, असे वाटत असेल, तर तो विचार सोड. लपवून घेतलेले लपवूनच परत ठेवले, तर तुझा लपवण्याचा हातखंडा तेवढा वाढेल. येत्या आठवड्यात पाळकांना एकांतात भेट, सर्व सांग, आणि खजिनदारपद स्वतःहून सोड. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात अशाच प्रसंगाचा नियम आहे : ठेव म्हणून जे विश्वासाने सोपवले त्याचा अपहार झाला, तर मूळ रकमेत पाचवा हिस्सा घालून परत करावे. म्हणजे तुझ्या बाबतीत चोवीस हजार. जक्कयाने तर चौपट देऊ केले होते, पण तो श्रीमंत होता. तू चोवीस हजारांचे हप्ते पाळकांशी बोलून ठरवून घे, आणि ते लेखी असू दे. मंडळीत तुझी नाचक्की होईल का? थोडी होईल. ती सोसण्याजोगी आहे. पाळकांनाही या पत्राच्या द्वारे माझी विनंती आहे, की या मुलाला व्यासपीठावरून उदाहरण करू नका. गलतीकरांस पत्रात अशा माणसाला सौम्यतेने ताळ्यावर आणायला सांगितले आहे, आणि तसे करणाऱ्याने स्वतःकडे लक्ष द्यावे असेही त्याच वचनात म्हटले आहे.

आईला पाटल्यांचे सांग. हे सर्वांत कठीण आहे, हे मला कळते. पण तिला ते सावकाराकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे.

प्रभुभोजन बंद करू नकोस. पाळकांशी बोलणे झाल्यावर जो पहिला रविवार येईल, त्या दिवशी घे. ‘आपली परीक्षा करून मग खावे’ असे पौल म्हणतो. परीक्षा करून दूर राहावे, असे तो म्हणत नाही. आणि एक शेवटचे : तू लिहिलेले नाहीस, पण कर्जात बुडालेल्या तरुणांच्या मनात काय काय येते ते मी जवळून पाहिले आहे. कधी जगणेच नकोसे वाटले, तर एकटा बसू नकोस, घरातील कोणाला उठव, आणि १४४१६ या क्रमांकावर फोन कर. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, रात्रंदिवस चालते, मराठीतही बोलतात. जुगाराच्या सवयीवर मानसोपचार असतात आणि त्यांचा उपयोग होतो. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला आपण अविश्वासू म्हणत नाही, तसेच हेही आहे.

प्रश्न : मी घरातला पहिलाच विश्वासणारा. तीन वर्षांपूर्वी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून थोरल्या भावाने बोलणे टाकले आहे; गावी गेलो तर वेगळे ताट मांडतात. आई रडते. पुतण्याच्या लग्नाला बोलावणे नव्हते. मी विश्वास लपवून ठेवला असता तर बरे झाले असते का? घर परत मिळवण्यासाठी काही काळ गप्प बसणे पाप आहे का?

उत्तर : बंधू, हे दुःख महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाला पहिल्या पिढीपासून माहीत आहे, आणि पुढच्या पिढ्यांतील आम्ही लोक ते फार लवकर विसरलो. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंना ते आधी सांगितले नव्हते. दोघांची ताटातूट झाली, लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे राहिल्या, त्यांच्या मनाची काय दशा झाली हे त्यांनी पुढे स्वतःच इतक्या प्रांजळपणे लिहून ठेवले आहे, की वाचणाऱ्याच्या पोटात आजही कालवते. काही वर्षांनी त्या पतीकडे परत आल्या, त्याही आपला धर्म न सोडता. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. सोवळेओवळे त्यांनी आपल्या विचाराने टाकले, आणि १९०० मध्ये बाप्तिस्माही आपल्याच विचाराने घेतला. टिळकांनी बाप्तिस्मा घेताना पत्नीला अंधारात ठेवले, ते मला आजही बरोबर वाटत नाही. पण नंतर त्यांनी जी वाट पाहिली, ती आपण शिकण्याजोगी आहे.

गप्प बसण्याचे म्हणाल, तर गप्प बसणे आणि नाकारणे यांत अंतर आहे. निकदेम प्रभूकडे रात्री आला होता, आणि प्रभूने त्याला ‘दिवसा ये’ म्हणून परत पाठवले नाही. त्याच निकदेमाने पुढे, शिष्य पळून गेले असताना, गंधरस आणि अगरू यांचे सुमारे तेहतीस किलो मिश्रण आणून प्रभूचे शरीर उघडपणे पुरले. आपण तर बाप्तिस्मा घेतलेलाच आहे, तो सर्वांना माहीत आहे. आता प्रत्येक जेवणाच्या वेळी साक्ष देणे आवश्यक नाही. पेत्र लिहितो, की तुमच्या आशेविषयी कोणी विचारले तर उत्तर द्या, आणि ते सौम्यतेने व आदराने द्या. ‘विचारले तर’ हे शब्द आपल्या उत्साही लोकांकडून अनेकदा सुटतात. वडीलधाऱ्यांच्या देवघराविषयी एकही उणा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. वेगळे ताट मांडले तर त्या ताटात जेवा, ताट स्वतः घासून ठेवा, आणि आईच्या हातच्या भाकरीचे मनापासून कौतुक करा. पूजेत भाग घेण्याविषयी आपला विवेक जे सांगेल ते थोड्या शब्दांत, रागावल्याशिवाय सांगा, आणि मंडप घालायला, पाणी भरायला, पाहुण्यांना आणायला सर्वांच्या आधी उभे राहा.

घर परत मिळेल का, याचे वचन मी देऊ शकत नाही, आणि प्रभूनेही ते सरळ दिलेले नाही. ज्याने माझ्यासाठी घर, भाऊ, आई सोडली त्याला शंभरपट मिळेल, असे म्हणताना मार्काच्या शुभवर्तमानात त्याने ‘छळणुकीबरोबर’ हा शब्द जोडलेला आहे. ती शंभरपट घरे देण्याची जबाबदारी मंडळीवर येते, आणि येथे मला माझ्या वाचकांना विचारावेसे वाटते, की आपल्या मंडळीतील असा एकटा विश्वासणारा नाताळच्या दिवशी कोणाच्या घरी जेवतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आपले गाव मी छापलेले नाही, पण आपल्या पाळकांना स्वतंत्र पत्र पाठवले आहे.

आईला मात्र दर रविवारी उपासनेनंतर फोन करीत जा. पिकाचे विचारा, गुडघ्याचे विचारा, धर्माविषयी ती काढील तेव्हाच बोला. भाऊ कदाचित वर्षभर फोन घेणार नाही. पुतण्याच्या बायकोसाठी एक चांगले लुगडे पाठवा, बोलावणे नव्हते तरी.